टोकाचे दोन किलोमीटर

काटेसाहेबांचं खरं आडनाव आमच्या इमारतीत फारसं कुणाला ठाऊक नाही. दारावरच्या पाटीवर ते आहे, पण ती वाचायची वेळ कुणावर येत नाही. तेहेतीस वर्षं ते वजनमापे निरीक्षक होते. दुकानात शिरायचं, काटा तपासायचा, खोटा निघाला तर जप्त करायचा. बाजाराच्या एका टोकाला ते दिसले की "काटेसाहेब आले" ही बातमी त्यांच्या पुढे धावायची, आणि साहेब तिसऱ्या दुकानात पोचेपर्यंत सगळा बाजार संत झालेला असायचा.

घरातही तीच तऱ्हा. दुधाची पिशवी आली की आधी काट्यावर, मग पातेल्यात. वहिनी म्हणतात, "लग्नाच्या वेळी यांनी मला पाहिलं नाही, तोललं. आणि तेव्हापासून यांच्या मते मी रोज थोडी जास्तच भरते."

तर असा हा माणूस निवृत्त झाला आणि त्याने दोन सायकली घेतल्या. स्वतःला काळी, मागे कॅरियर असलेली. वहिनींना आकाशी, पुढे टोपली असलेली. आमच्या इमारतीच्या मागून पूर्वी मालगाडीची लाइन जायची. ती बंद पडली, रूळ उचलले गेले, दोन्ही बाजूंना झाडं लावली गेली आणि मधे अकरा किलोमीटरचा सायकलींचा रस्ता झाला. सगळे त्याला हिरवी वाट म्हणतात. वाटेच्या दुसऱ्या टोकाला एक तळं आहे असं ऐकलं होतं. साहेबांनी वहिनींना शब्द दिला, "आता घाई नाही. सावकाश जायचं, पार टोकापर्यंत. तळ्याकाठी बसायचं, डबा खायचा आणि परत यायचं."

पंधरा दिवस दोघं रोज जात होते. पाय कमवायचे म्हणून आधी पहिल्या पुलापर्यंत, मग दुसऱ्या पुलापर्यंत. वेग असा, की चालायला निघालेली माणसं त्यांना मागे टाकून जायची आणि वळून "येऊ का?" म्हणायची. मी खिडकीतून बघायचो. दोघांच्या घंट्या वाजायच्या, उगाचच. समोर कुणी नसायचं.

आणि मग ती सभा झाली.

वॉर्डाच्या साहेबांनी रहिवाशांना बोलावलं होतं. म्हणाले, या वाटेवर सायकली फारशा जात नाहीत असं दिसतं, तेव्हा निम्मी रुंदी गाड्यांच्या पार्किंगला द्यावी असा विचार आहे. एकच गलका झाला. कुणी म्हणे पुष्कळ जातात, कुणी म्हणे चिटपाखरू नसतं. तेव्हा मागच्या रांगेतून आमचे काटेसाहेब उठले आणि तेहेतीस वर्षांच्या आवाजात म्हणाले, "दिसतं म्हणजे काय? मोजा! डोळे खोटं बोलतील, आकडा बोलत नाही."

टाळ्या पडल्या. वॉर्डसाहेबांना असा माणूस हवाच होता. "मोजू," ते म्हणाले. "वर्षभर मोजू. रोजची सरासरी तीनशे आली तर वाट राहील. नाही आली तर पार्किंग."

आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा कसा पाडून घ्यावा, आणि वर त्याला टाळ्या कशा मिळवाव्यात, हे त्या दिवशी मी प्रत्यक्ष पाहिलं.

महिन्याभरात वाटेच्या तोंडाशी, बरोबर आमच्या इमारतीमागे, एक खांब उभा राहिला. त्यावर पाटी, पाटीवर दिवसाचा लाल आकडा. जमिनीवर वाटेत आडवी एक काळी रबरी नळी. सायकलीची दोन चाकं तिच्यावरून गेली की "टुक टुक" असा आवाज व्हायचा आणि वरचा आकडा एकाने वाढायचा. साहेबांनी पहिल्याच दिवशी त्या यंत्राची रीतसर तपासणी केली. सायकलवर बसून नेली, हातात धरून नेली, वहिनींची नेली, कॅरियरवर वीस किलो गव्हाचं पोतं ठेवून नेली. बाळाच्या ढकलगाडीने नळी दबत नाही, आकडा वाढत नाही, हेही डायरीत लिहिलं. शेवटी खाली शेरा मारला, "यंत्र निर्दोष." आणि सही केली. सही कुणी मागितली नव्हती.

त्या दिवशी संध्याकाळी आकडा होता दोनशे शहाण्णव.

साहेब जेवायला वर आले. पानावर बसले आणि पोळीकडे बघत राहिले. "चार कमी पडले," ते म्हणाले.

"कसले चार?" वहिनींनी विचारलं.

"फक्त चार. पहिल्याच दिवशी."

"अहो, उद्या चार जास्त येतील. जेवा."

पण तूट उद्यावर ढकलायची नाही हा साहेबांचा नोकरीतला नियम. ते उठले, खाली गेले, काळी सायकल काढली, नळी ओलांडली, दहा पावलांवरच्या झाडाला वळसा घातला आणि परत नळी ओलांडली. एक फेरी, दोन आकडे. दुसरी फेरी, पुढचे दोन. तीनशे. वर येऊन त्यांनी दीड पोळी जास्त खाल्ली.  वहिनी नंतर मला म्हणाल्या, "तेव्हाच सायकलीची हवा काढायला हवी होती हो भाऊजी."

दुसऱ्या दिवशी अकरा कमी पडले. तिसऱ्या दिवशी ढग आले, चाळीस कमी. हळूहळू साहेबांना कळून चुकलं, की या वाटेवर रोज खरोखर जाणारी माणसं अडीचशेच्या आगेमागे आहेत. उरलेली पन्नास-साठ माणसं व्हायची तर ती एकाच माणसाला व्हावं लागेल.

आणि तो माणूस घाण्याला जुंपला गेला. सकाळी पंधरा फेऱ्या, संध्याकाळी पंधरा. नळी, झाड, नळी. अकरा किलोमीटरची वाट समोर पसरलेली, आणि साहेबांच्या वाट्याला तिची पंचवीस फूट. पहिल्या पुलाची कमान त्या झाडापासून दिसायची. तिच्याकडे बघून ते वळायचे.

सगळ्यात मजा त्यांच्या टोप्यांची. दर पाच फेऱ्यांनी साहेब टोपी बदलत. निळी, मग पांढरी, मग हिरवी, मग लेकीने पाठवलेली चौकड्याची. यंत्राला डोळे नसतात हे ज्याने आयुष्यभर यंत्रं तपासली त्याला कळत नव्हतं असं थोडंच आहे? पण चोराच्या मनात चांदणं. एकाच टोपीत तीस वेळा त्या पाटीखालून जाणं त्यांच्याने होईना. वहिनी दोरीवर सहा टोप्या वाळत घालायच्या, आणि वरच्या मजल्यावरची मास्तरीणबाई विचारायची, "पाहुणे आलेत का हो तुमच्याकडे?"

एकदा एका सायकलवाल्या बाईंनी थांबून साहेबांना विचारलं, "आजोबा, काही हरवलंय का? मघापासून इथेच फिरताय."

"नाही," साहेब म्हणाले. "सापडलंय. म्हणूनच सोडता येत नाही."

बाईंना काही कळलं नाही. मला कळलं आणि मी खिडकी लावून घेतली.

मी एकदा त्यांना विचारलं होतं. अंगात ताप होता, तरी ते जिना उतरत होते. मी त्यांना धरून परत वर नेलं आणि म्हणालो, "साहेब, सोडा ना. होईल ते होईल."

"ते सोपं नाही," ते म्हणाले. "मोजा म्हणून मी ओरडलो. मी गप्प बसलो असतो तर आणखी दोन वर्षं सभाच चालली असती. आता या माणसांची वाट माझ्या तोंडामुळे जाणार. आणि गंमत बघा, यंत्र निर्दोष आहे. मी सही केलीय. खोटा आहे तो मी. मला कोण जप्त करणार?"

त्या दिवशीच्या फेऱ्या मी मारल्या. अकराव्या फेरीत मला गरगरायला लागलं आणि झाड कुठलं, खांब कुठला, हे उमजेना. साहेब वरून खिडकीतून आकडे सांगत होते.

वहिनींनी मात्र पहिल्या दिवशीच सांगून टाकलं होतं, "मी खोटी फेरी मारणार नाही. माझी सायकल फिरायला आणलीय." आणि त्या फिरायच्या. एकट्या. दुपारी कामं आटोपली की आकाशी सायकल काढायच्या, नळीवरून टुक टुक जायच्या आणि दोन-अडीच तासांनी परत यायच्या. मग झाडाखालच्या बाकावर बसून साहेबांना डबा द्यायच्या आणि वाट सांगायच्या.

"आज तिसऱ्या पुलाच्या पुढे गेले. तिथे रेल्वेचा जुना सिग्नल आहे अजून. एका बाजूला वाकलाय, तुमच्यासारखा."

"मी वाकलोय?"

"नाही हो, सायकलवर बसलात की. आणि त्याच्या पुढे घरांच्या मागच्या बाजू लागतात. लोक पुढच्या बाजूला रंग देतात, मागे काय काय ठेवतात बघा! एका बाईने मागच्या खिडकीत तीस बाहुल्या ठेवल्यात. सगळ्यांची तोंडं आतल्या बाजूला."

दुसऱ्या दिवशी पुढचा तुकडा. कातळ फोडून काढलेली खिंड, तिच्यातला भर उन्हातला गारवा. साहेब डबा खाता खाता ऐकायचे. त्यांना सगळी वाट पाठ झाली. कुठे चढ, कुठे उतार, कुठे खडी निघालीय. कुणी नवखा विचारायला थांबला तर ते इतकी चोख माहिती द्यायचे, की तो म्हणायचा, "तुम्ही रोज जाताय वाटतं टोकापर्यंत?"

नवव्या किलोमीटरच्या दगडाशी येऊन वहिनींच्या गोष्टी थांबल्या. साहेबांनी आठवडाभर वाट पाहिली. मग विचारलं, "पुढे काय आहे?"

"मला काय माहीत?"

"गेली नाहीस?"

"नाही. शेवटचे दोन ठेवलेत. ते तुमच्याबरोबर."

साहेबांनी डब्याचं झाकण लावलं आणि टोपी बदलली.

लेकीने दोनदा बोलावलं, गेले नाहीत. भाच्याचं लग्न झालं, वहिनी एकट्या जाऊन आल्या. नातेवाइकांत बातमी पसरली, की साहेबांना निवृत्तीनंतर सायकलिंगचं वेड लागलंय, अगदी घरी थांबत नाहीत. घरी थांबत नव्हते हे खरंच होतं. कुठे जातही नव्हते.

आणि वर्ष संपलं. सरासरी तीनशे एक.

इमारतीत आनंदीआनंद झाला. मास्तरीणबाईंनी सगळ्यांना चहा दिला. साहेब त्या दिवशी कोवळे दिसत होते. वहिनींनी आकाशी सायकलीला तेल घातलं. "रविवारी," त्या म्हणाल्या. साहेबांनी मान डोलावली.

शनिवारी वॉर्ड कार्यालयाचं पत्र आलं. साहेबांच्याच नावे, कारण मोजणीचा आग्रह त्यांचा. 'रहिवाशांचा उदंड प्रतिसाद पाहता कार्यालयास समाधान वाटते. हा वाढता कल लक्षात घेऊन चालू वर्षासाठी रोजची सरासरी साडेतीनशे अपेक्षित आहे.'

साहेबांनी पत्र दोनदा वाचलं. मग मांडीवर ठेवलं आणि बोटांवर हिशोब केला. "पंचावन्न फेऱ्या," ते म्हणाले. "रोजच्या."

मी तिथेच होतो.  स्वतः वाढवलेल्या आकड्याला हे गृहस्थ आता स्वतःच पुरे पडणार नव्हते. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

वहिनींनी पत्र उचललं, घडी घातली आणि डब्याच्या पिशवीत टाकलं. "उद्या रविवार," त्या म्हणाल्या. "रविवारी माणसं आपणहून येतात. रविवारी तुमची गरज सगळ्यात कमी. सहाला निघायचं."

"पण साडेतीनशे..."

"अहो, मी वर्षभर दोन किलोमीटर सांभाळून ठेवलेत. आता ते नासतील."

पुढचं मी पाहिलेलं नाही. वहिनींनी सांगितलं, आणि त्यांच्या सांगण्यात वजन कमी भरत नाही.

पहिला पूल ओलांडेपर्यंत साहेब चार वेळा मागे वळले. दुसऱ्या पुलाशी म्हणाले, "आत्तापर्यंत तीस झाले असतील."  तिसऱ्या पुलाशी म्हणाले, "पंचेचाळीस." मग तो वाकलेला सिग्नल आला आणि साहेब सायकलवरून उतरले. त्याच्याकडे बघत उभे राहिले. "डावीकडे वाकलाय," ते म्हणाले. "कुठल्या बाजूला वाकलाय ते तू सांगितलंच नव्हतंस. मी उजवीकडे धरला होता."

तिथून पुढे त्यांनी आकडा काढला नाही. बाहुल्यांची खिडकी आली. एक बाहुली आता बाहेर तोंड करून होती, बाकीच्या आत. खिंडीत गारवा होता तसाच. साहेबांनी घंटा वाजवली, ती कातळावर आदळून दोनदा ऐकू आली. वहिनींनी वाजवली. मग दोघं म्हातारे त्या खिंडीत घंट्या वाजवत उभे राहिले, मागची मंडळी वाट काढून जाईपर्यंत.

नववा दगड. त्याच्या पुढे दोघांनाही नवीन. वाट वळली, उतार लागला, पायडल मारायची गरज उरली नाही. दोन्ही बाजूंच्या झाडांचे शेंडे वर एकमेकांना लागलेले. वहिनी म्हणतात, "मी यांच्याकडे पाहिलं तर टोपी नव्हती. कॅरियरला अडकवली होती. वर्षभरात पहिल्यांदा यांचे केस वाऱ्यावर पाहिले. जे काय आहेत ते."

आणि तळं आलं. काठाला बाक, पाण्यात बदकं, सगळं जसं ऐकलं होतं तसं. पण साहेब तळ्याकडे बघत नव्हते.

वाटेच्या त्या तोंडाशी एक खांब होता. खांबावर पाटी, पाटीवर लाल आकडा. जमिनीवर काळी नळी. आणि एक लठ्ठसे गृहस्थ लाल सायकलवर नळी ओलांडत होते, कचऱ्याच्या डब्याला वळसा घालत होते आणि परत नळी ओलांडत होते. डोक्यावर पिवळी टोपी. हँडलला दुसऱ्या तीन टोप्या टांगलेल्या.

त्या बाजूचा वॉर्ड वेगळा, कार्यालय वेगळं, हे साहेबांच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

गृहस्थांनी साहेबांना पाहिलं आणि सायकल एकदम थांबवली. "सहज," ते म्हणाले. "पाय मोकळे करतोय." मग डोळे बारीक केले. "काटेसाहेब?"

साहेबांनी ओळखलं. वीस वर्षांपूर्वी बाजारातल्या किराणा दुकानात यांच्या पारड्याखाली लोहचुंबक सापडला होता. साहेबांनी तो काटा जप्त केला होता. दुकानदाराने तेव्हा पुष्कळ गयावया केली होती.

"साहेब, आता काय करणार?" दुकानदार घाम पुसत म्हणाले. "सायकल जप्त करणार?"

"किती मारता रोज?"

दुकानदार इकडे तिकडे बघू लागले. मग म्हणाले, "चाळीस फेऱ्या. देवाशपथ जास्त नाही. आमच्या वॉर्डाने पावणेतीनशे मागितलेत. आई आहे माझी, नव्वदीची." त्यांनी बोट केलं. तळ्याकाठी चाकांच्या खुर्चीत एक म्हातारी बदकांवर ओरडत होती. "रोज हिला इथे आणतो. ही वाट गेली तर हिला गाड्यांमधून कुठे नेऊ? आणि ती नळी खुर्चीला मोजत नाही हो. आईला धरतच नाही!"

"नाही धरत," साहेब म्हणाले. "चाकांचा दाब कमी पडतो. ढकलगाडी नेऊन मी तपासलंय." मग जरा थांबून म्हणाले, "मी पंचावन्न मारणार आहे. उद्यापासून. वर्षभर तीस मारत होतो."

दुकानदारांना आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा ते खांबाला धरून इतके हसले, की आई खुर्चीतून ओरडली, "काय झालं रे?"

"काही नाही आई! साहेब आलेत! आपल्यातलेच निघाले!" मग साहेबांकडे वळून, "तुम्ही तर शेरास सव्वाशेर! माझा तो चुंबक पन्नास ग्रॅमचा होता हो."

वहिनी म्हणतात, साहेबांचे कान लाल झाले, आणि मग तेही हसायला लागले. डबा चौघांनी खाल्ला. म्हातारीने वहिनींना विचारलं, "तुमचाही असाच फिरतो का गोल गोल?" "हो," वहिनी म्हणाल्या. "आमचा झाडाला फिरतो." "माझा कचऱ्याच्या डब्याला," म्हातारी म्हणाली आणि एक घास बदकांना टाकला.

निघताना दुकानदारांनी तोडगा काढला. "साहेब, आपण अदलाबदल करू. बुधवारी तुम्ही इकडे या, माझ्या फेऱ्या मारा. मी आईपाशी बसतो. रविवारी मी तिकडे येतो. मीही कधी ही वाट पाहिलेली नाही हो, डब्याच्या पुढची."

साहेबांनी विचार केला आणि हात पुढे केला. वहिनी म्हणाल्या, "म्हणजे सुटका नाहीच. नुसती बदली झाली." पण आकाशी सायकलीवर बसल्या तेव्हा त्यांनी कुणी समोर नसताना घंटा वाजवली, असं त्या स्वतःच सांगतात.

ते परत आले तेव्हा उन्हं कलली होती. मी खिडकीत होतो. पाटीवर तीनशे बारा. साहेब खाली उतरून पाटीकडे बघत उभे राहिले.  बावीस किलोमीटर झाले होते त्यांचे, गेल्या वर्षभरात पहिल्यांदाच सरळ रेषेत.

"किती?" वहिनींनी विचारलं.

"अडतीस. एकोणीस फेऱ्या."

वहिनींनी साहेबांच्या कॅरियरकडे हात नेला. साहेबांची हिरवी टोपी काढली आणि स्वतःच्या डोक्यावर ठेवली. कानांपर्यंत आली.

"अगं, तू?"

"दहा तुमच्या, नऊ माझ्या. आणि माझ्या आधी. मला दूध तापवायचंय."

आकाशी सायकल नळीवरून गेली. टुक टुक. झाडाला वळसा घालताना वहिनी जरा डगमगल्या, त्यांना असल्या वळणांची सवय नव्हती. साहेब झाडापाशी उभे राहून हात पुढे धरत होते, पडल्या तर धरायला. मीही वरून मोजत होतो. नऊ झाल्या. दहावी झाली. अकरावीला साहेब ओरडले, "अगं, बास! तुझ्या जास्त होताहेत!"

"असू देत," वहिनी वळता वळता म्हणाल्या. "इथल्या बुधवारच्यात धरा. तेवढं लवकर निघू."